सणाची शांती आधी वाटून घ्यावी लागते

सणासुदीचे दिवस तोंडावर आले की मनःशांतीवरचे सल्लेही सुरू होतात. दीर्घ श्वास घ्या, रोज दहा मिनिटं ध्यान करा, कृतज्ञतेची वही ठेवा, अपेक्षा कमी करा. यातला कुठलाही सल्ला खोटा नाही. पण सगळ्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे: अस्वस्थता माणसाच्या मनात उपजते, म्हणून ती ज्याची त्याने मनातच निस्तरावी. आमचा आक्षेप या गृहीतावर आहे. सणाच्या काळात जिवाची जी घालमेल होते, तिचा मोठा भाग कामाच्या विषम वाटणीतून, अपुऱ्या झोपेतून, रजेतही सुरू राहणाऱ्या नोकरीतून आणि वेळेवर न ठरवलेल्या गोष्टींतून येतो. या चारही गोष्टी मनाबाहेरच्या आहेत आणि बदलता येण्यासारख्या आहेत. त्या जशाच्या तशा ठेवून घरातल्या सर्वांत दमलेल्या व्यक्तीला ध्यान करायला सांगणं म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम घालणं.

आधी कामाबद्दल, कारण खरी मेख तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगभरात घरकाम आणि माणसांची देखभाल यांवर विनामोबदला खर्च होणाऱ्या एकूण तासांपैकी 76.2 टक्के तास बायका भरतात, म्हणजे पुरुषांच्या 3.2 पट. ही रोजच्या जगण्यातली वाटणी झाली. सण आला की साफसफाई, खरेदी, भेटवस्तू, मुक्कामाला येणारी माणसं, प्रवासाची बांधाबांध आणि मुलांच्या सुट्ट्या हे सगळं याच वाटणीवर येऊन बसतं. कोणाच्या वाट्याची विश्रांती जाणार, हे सण सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं.

तासांच्या मोजणीत न येणारं आणखी एक काम आहे. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घर चालवताना डोक्याने करायच्या कामाचे चार टप्पे मांडले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि ठरलेलं पार पडतंय का यावर लक्ष ठेवणं. त्यांनी मुलाखती घेतलेल्या जोडप्यांत निर्णय बहुधा दोघांच्या विचाराने होत. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र मुख्यतः बायकांच्या वाट्याला येई. सणाच्या दिवसांत हे फार ठळकपणे दिसतं. चार पाहुणे मुक्कामाला येणार म्हटल्यावर अंथरुणं किती लागतील, कोणाला जिना चढवत नाही, कोणाची औषधं थंड जागी ठेवावी लागतात, कोण पहाटे उठतं, हे सगळं कोणीतरी दोन दोन आठवडे डोक्यात वागवत असतं. ऐन वेळी ‘गाद्या काढू का?’ असं विचारणारा माणूस हाताने मदत करतो, पण डोक्यावरचा भार हलत नाही. उलट काय, किती आणि कुठे हे त्याला सांगण्याचं काम वाढतं. ‘काही लागलं तर सांग’ या वाक्याने कोणाला हायसं वाटत नाही, त्याचं कारण हेच.

म्हणून काम सोपवायचं तर चारही टप्प्यांसकट सोपवायचं. सणाच्या साधारण तीन आठवडे आधी घरातल्या सगळ्या मोठ्यांनी आणि दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांनी पाऊण तास एकत्र बसावं. एका कागदावर आठवतील ती सगळी कामं लिहून काढावीत; अगदी किरकोळसुद्धा. आमंत्रणाचे फोन, कोणाला काय द्यायचं हे ठरवणं, पाहुण्यांना आणायला जाणं, लहानांना गुंतवून ठेवणं. पाहुणे गेल्यावरची आवराआवर यादीतून हमखास सुटते आणि मग ती जो आधीच थकलाय त्याच्याच अंगावर पडते, म्हणून ती आठवणीने लिहावी. नंतर प्रत्येक कामापुढे एक प्रश्न विचारावा: हे केलंच नाही तर नेमकं कोणाचं काय अडेल? उत्तर देता आलं नाही तर ते काम खोडून टाकावं. उरलेल्या प्रत्येक कामापुढे एकच नाव, एकच तारीख आणि काम पुरं झालं असं कधी म्हणायचं याची एक ओळ लिहावी. ‘दोघं मिळून’ असं लिहिलेलं काम शेवटी ज्याला आधी आठवतं त्याचंच होऊन बसतं.

ही पद्धत फसते ती ठरावीक ठिकाणी. काम दिलं जातं, पण देणारी व्यक्ती दर दोन दिवसांनी विचारणा करत राहते. मग चौथा टप्पा तिच्याकडेच राहिला आणि घेणाऱ्यालाही ते काम आपलं वाटत नाही. ‘घर स्वच्छ’ म्हणजे काय याबद्दल दोघांच्या कल्पना वेगळ्या असतात आणि त्या कोणी आधी बोललेलं नसतं. सर्वांत मोठी अडचण म्हणजे पहिल्या खेपेला काम जेमतेम होतं आणि ‘त्यापेक्षा मीच करते’ म्हणून ते परत घेतलं जातं. एकदा काम असं परत गेलं की पुढची अनेक वर्षं ते तिथेच राहतं. पहिल्या वर्षी थोडं कमी नीटनेटकं घर चालवून घेणं ही या वाटणीची किंमत आहे, आणि ती सगळ्या घराने मिळून मोजायची आहे. आलेल्या नातेवाइकांनी घर पाहून नाक मुरडलं, तर बोल घरच्या बाईला लागतो, काम ज्याच्या नावावर होतं त्याला नाही. अशा वेळी ज्याने काम अंगावर घेतलं होतं त्याने स्वतः पुढे होऊन ‘हे माझ्याकडे होतं’ असं सांगायला हवं. वाटणी खरी आहे की कागदावरची, हे त्या एका वाक्यात कळतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. शांती ही अंतरंगाची गोष्ट आहे, ती परिस्थितीवर अवलंबून असेल तर ती शांती कसली, असं साधनेच्या वाटेने गेलेली माणसं म्हणतात. पण ज्यांनी आयुष्यच शांतीला वाहिलं त्यांनी आपली व्यवस्था कशी लावली होती, तेही पाहावं. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी जे नियम घालून दिले, त्यांत स्वयंपाकघराच्या कामासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. आठवड्याच्या पाळीने सगळ्यांनी एकमेकांची सेवा करायची. आजारपण किंवा तसंच महत्त्वाचं काम असल्याशिवाय कोणाला सूट नाही. अशक्त माणसाला मदतनीस द्यायचा. पाळी संपणाऱ्याने शनिवारी साफसफाई करायची, पुसायची वस्त्रं धुवायची आणि भांडी स्वच्छ व धडधाकट स्थितीत कोठाराच्या प्रमुखाकडे परत करायची. त्याने ती पुढच्या पाळीवाल्याला मोजून द्यायची. प्रार्थना आणि मौन यांसाठी उभ्या राहिलेल्या मठाला भांडी कोण घासणार हे इतक्या बारकाईने ठरवावं लागलं. अंतरंगाच्या शांतीला बाहेरच्या न्याय्य वाटणीचा आधार लागतो, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. घरातली एक व्यक्ती शांत बसू शकते कारण दुसरी राबते आहे, तर त्या शांतीत दुसरीचा वाटा कुठे आहे, हा प्रश्न आध्यात्मिक माणसालाही टाळता येणार नाही.

वाटणीनंतर वेळेचा अंदाज. इथे जवळजवळ प्रत्येकाची फसगत होते, आणि तिचा नीट अभ्यासही झाला आहे. ब्युहलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता. सगळं बिनसलं तर किती लागतील, या प्रश्नाला उत्तर आलं सुमारे 49. प्रत्यक्षात लागले सुमारे 56. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. अंदाज बांधताना आपण पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणतो आणि त्या चित्रात वाहतुकीची कोंडी, आजारी मूल, संपलेलं सामान यांपैकी काहीच नसतं. यावर उतारा म्हणजे मागच्या वेळी खरोखर किती वेळ लागला तो आकडा धरायचा. तो आठवत नसेल तर मनातल्या अंदाजाची दीडपट करायची. आणि सणाच्या आदल्या दिवसाची दुपार यादीत पूर्ण मोकळी सोडायची. ती मोकळी राहत नाही, मागे पडलेली कामं तिच्यात येतातच; पण ती ठेवली नसेल तर तीच कामं रात्री एक वाजता होतात.

रात्री डोळा न लागण्याचं एक कारण अर्धवट राहिलेल्या कामांची मनात चाललेली उजळणी हे असतं. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या 2011 च्या प्रयोगांतून असं दिसलं की अपुरं काम मनात टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली तर काम तसंच असूनही टोचणी ओसरते. मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 57 तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला बसवलं. पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. प्रयोग छोटा आहे, पण करून पाहायला कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. ‘खरेदी’ असं लिहून उपयोग नाही. काय घ्यायचं, कोण जाणार, कोणत्या दिवशी, किती वाजता, एवढं लिहिलं की मन ते सोडून देतं. फोनवर मात्र लिहू नये, कारण फोन हातात घेतला की आलेले निरोप दिसतात आणि नवी कामं सुरू होतात.

झोपेबद्दल आणखी थोडं, कारण सणात पहिला बळी तिचाच जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथे असतं असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. चहा-कॉफीतलं कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास घेतं. 2013 च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफीननेही झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती, आणि पाहुण्यांसोबत दर तासाला एक कप घेताना एवढं प्रमाण सहज होतं. म्हणून दुपारी दोननंतरचे कप मोजावेत. मद्याने लवकर गुंगी येते, पण उत्तररात्री झोप तुटत राहते. झोपायला उशीर झाला तरी उठायची वेळ रोजच्यापेक्षा तासाभराहून पुढे ढकलू नये. कमी पडलेली झोप दुपारी वीस-पंचवीस मिनिटं आडवं होऊन थोडी भरून काढावी. घरात पाहुणे असताना दार लावून झोपणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून यजमानांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकावं: दोन ते तीन घरात सगळे आडवे होतात. पाहुण्यांनाही तेच हवं असतं.

या ताणाचा हिशेब शरीर ठेवतं. स्वीडनमध्ये 1998 ते 2013 या काळातल्या 2,83,000 हून अधिक हृदयविकाराच्या झटक्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नाताळच्या दिवसांत धोका सुमारे 15 टक्क्यांनी वाढलेला दिसला. नाताळच्या पूर्वसंध्येला ही वाढ 37 टक्के होती, तीही मुख्यतः रात्री दहाच्या सुमारास. पंच्याहत्तरीपुढच्या आणि आधीच मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसांत हे जास्त ठळक होतं. कारण कोणतं, हे असा अभ्यास सिद्ध करत नाही. पण घरात अशी माणसं असतील तर दोन गोष्टी कराव्यात. त्यांची औषधं आणि जेवणाच्या वेळा या एका ठरलेल्या व्यक्तीकडे द्याव्यात, कारण गर्दीत गोळी चुकते ती प्रत्येकाला दुसऱ्याने दिली असं वाटल्यामुळे. आणि छातीवर दाब, घाम, दम लागणं, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ असं काही वाटलं तर पाहुण्यांचा विरस होईल म्हणून गप्प बसायचं नाही, लगेच रुग्णवाहिका बोलवायची, हे त्यांना आधीच बजावून ठेवावं. समारंभ अर्धवट राहील या संकोचात गेलेला वेळ परत मिळत नाही.

आता श्वासाकडे. श्वासाच्या सरावाला आमचा विरोध नाही. त्याचं काम काय आणि मर्यादा काय हे कळलं तर तो फार उपयोगी आहे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून सोडण्याचा काळ लांबवायचा: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. असं पाच मिनिटं. चूक होते ती ‘दीर्घ’ या शब्दामुळे. लोक छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. श्वास संथ हवा, मोठा नको. काहींना डोळे मिटून बसलं की जुन्या आठवणी वर येतात आणि जास्त अस्वस्थ वाटतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून खोलीतल्या पाच वस्तू सावकाश पाहाव्यात किंवा दहा मिनिटं बाहेर चालून यावं. आणि हे सगळं भडका उडायच्या आधी करायचं असतं. आवाज चढल्यावर श्वास मोजायचं कोणाला सुचत नाही. त्यामुळे त्यालाही दिवसात ठरलेली वेळ लागते, आणि ती वेळ कोणाला मिळते हा प्रश्न पुन्हा वाटणीपाशीच येतो.

ज्या नातेवाइकांशी पटत नाही त्यांच्याबाबत इतकंच: भेट टाळता येत नसेल तर तिची लांबी ठरवता येते. येतानाच ‘आम्ही साडेसातला निघणार’ असं सांगावं आणि निघावं. वादाच्या विषयावर उत्तर देण्याऐवजी ‘यावर आज नको’ हे एकच वाक्य तीनदा म्हणता येतं. चौथ्यांदा उठून दुसऱ्या खोलीत जावं.

दुःखाच्या घरात मात्र अधिक सांभाळून वागायला हवं. त्या वर्षी कोणी गेलं असेल, तर सगळे हसरे चेहरे ठेवून त्या माणसाचं नाव टाळतात आणि ज्याचं माणूस गेलं तो एकटा पडतो. सण नेहमीसारखा करायचा, छोटा करायचा की यंदा करायचाच नाही, हे सर्वांत जवळच्या माणसाला आठवडाभर आधी विचारावं आणि मत बदलण्याची मुभा शेवटच्या तासापर्यंत द्यावी. नाव घ्यावं. रडू आलं तर येऊ द्यावं. अशा घरी जाणाऱ्यांनी ‘काही मदत हवी का’ असं विचारू नये. मंगळवारी मुलांना घेऊन जातो, असं नेमकं सांगावं. ‘नको’ म्हणणं त्यांना त्यातही सोपं असतं. मन जड असणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप-भूक गेली किंवा जगणं नकोसं झाल्याचं कोणी बोललं, तर ते सणाचं उदासपण समजून सोडू नये. डॉक्टरकडे न्यावं, आणि जिवाचं काही करून घेण्याची भाषा असेल तर त्या माणसाला एकटं ठेवू नये.

घराची वाटणी कितीही नीट केली तरी नोकरी घरात शिरत असेल तर ती टिकत नाही, म्हणून हा प्रश्न सार्वजनिक आहे. मानवी हक्कांच्या 1948 च्या वैश्विक जाहीरनाम्याच्या 24 व्या कलमात विश्रांती, फुरसत आणि ठरावीक काळाने भरपगारी सुट्टी हे हक्क म्हणून लिहिले आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1970 च्या 132 क्रमांकाच्या करारात वर्षाला किमान तीन आठवड्यांची भरपगारी रजा सांगितली आहे. पण रजा कागदावर असणं आणि डोकं कामातून सुटणं यांत अंतर आहे. नेदरलँड्समधल्या 1,530 प्रौढांच्या 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुट्टीवरून परतलेली माणसं न गेलेल्यांपेक्षा जास्त आनंदी आढळली नाहीत. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती, त्यांच्यातच फरक दिसला. फ्रान्सने 1 जानेवारी 2017 पासून आणि ऑस्ट्रेलियाने 26 ऑगस्ट 2024 पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आणला, तो यासाठीच. असा कायदा सगळीकडे हवा, असं आमचं ठाम म्हणणं आहे. ‘तुम्ही फोन बंद ठेवा ना’ हा सल्ला ज्याची बढती वरिष्ठाच्या हातात आहे त्याला पाळता येत नाही.

कायदा येईपर्यंत कार्यालयांना बरंच काही करता येईल. रजेवर जाणाऱ्याने एका पानावर लिहून द्यावं: काय अर्धवट आहे, त्याचे निर्णय कोण घेणार, आणि कोणत्या प्रसंगाला तातडीचं म्हणायचं. तातडीसाठी एकाच माणसाने फोन करायचा. गटावरचे निरोप रजेवरच्या माणसाने वाचणं अपेक्षित नाही, हे वरिष्ठाने लेखी सांगावं. परतण्याच्या पहिल्या दिवशी बैठक ठेवू नये.

आणि जे सणाच्या दिवशीही कामावर असतात, रुग्णालयात, वाहनांवर, स्वयंपाकघरांत, वीज-पाण्याच्या यंत्रणेत, घरोघर वस्तू पोहोचवण्यात, त्यांचं वेळापत्रक किमान चार आठवडे आधी जाहीर व्हावं. गेल्या वर्षी ज्याला सणाच्या दिवशी पाळी होती त्याला यंदा ती मिळू नये, आणि ही नोंद सगळ्यांना दिसेल अशी लावलेली असावी. मुलं नसलेल्यांना ‘तुला काय घाई आहे’ म्हणून दरवर्षी थांबवलं जातं. तेही बंद व्हावं. ग्राहक म्हणून आपल्या हातात एक गोष्ट आहे: शेवटच्या दोन दिवसांत काही मागवायचं नाही. त्यासाठी तीन आठवडे आधी केलेल्या यादीत मागवायच्या वस्तूंपुढची तारीख सणाच्या आठ दिवस अलीकडची लिहावी लागेल, आणि ती पाळणाऱ्याचं नावही.